पुन्हा काम द्यावे काय?

चिनी भाषेतून कोरियन भाषेत पेटंटचा अनुवाद करणारा माणूस शोधणं म्हणजे काय असतं, ते धाकटीला विचारावं. चिनी येणारे पैशाला पासरी मिळतात. कोरियन येणारेही पुष्कळ. दोन्ही येणारे कमी, त्यात पेटंटची आडवीतिडवी भाषा कळणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातून बॅटरीतलं रसायन काय करतं हे ज्याला खरोखर ठाऊक आहे असा कोणी सापडला तर त्याला डोक्यावर घेऊन नाचावं. नाचायला धाकटीची हरकत नव्हती. अडचण एवढीच की असा माणूस तिच्या घरातच होता, आणि त्याच्याशी ती जशी वागली तसं परक्याशीही कुणी वागू नये.

धाकटी एका अनुवाद कंपनीत माणसं शोधायच्या खात्यात होती. खातं म्हणजे ती, एक टेबल आणि अकरा वर्षांत जमवलेली एक लांबलचक यादी. तिला स्वतःला चिनी येत नव्हतं, कोरियनही नाही. पण माणूस ओळखता येत होता. "सर्व विषय, चोवीस तासांत" असं लिहिणाऱ्याला ती दुसऱ्या ओळीलाच वाटेला लावी. जो उलट तिलाच विचारी, "रसायनातला कुठला भाग? आकृत्या किती? मागच्या अर्जात कुठले शब्द वापरलेत, ते मिळतील का?" त्याचं नाव ती यादीत हिरव्या रंगात घाली. हिरवी नावं फार थोडी होती आणि तिला ती तोंडपाठ होती. कुणाची मुलगी कधी बाळंत होणार, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हेसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी एका बॅटरी कंपनीनं तीन वर्षांच्या कामासाठी टेंडर काढलं. अटी कडक होत्या. तीन अनुवादकांची नावं द्या, तिघांकडे रसायनाची पदवी हवी, तिघांच्या सह्या हव्यात, आणि प्रत्येकानं सहा पानं चाचणी म्हणून करून दाखवायची. दोघे मिळाले. तिसऱ्यासाठी धाकटीनं जंग जंग पछाडलं आणि शेवटी ती थोरल्या बहिणीच्या दारात जाऊन उभी राहिली.

थोरलीनं रसायनाची पदवी चिनी भाषेतून घेतली होती आणि मग नऊ वर्षं एका कोरियन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघींपैकी एकीनं घरी राहायचं ठरलं. ठरलं कसलं! थोरलीनं राजीनामा दिला आणि धाकटीनं "अगं, कशाला," असं एकदा म्हणून घेतलं. आठ वर्षं गेली. आई गेली तेव्हा थोरली पन्नाशीला टेकली होती आणि तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. मधली आठ वर्षं काय करत होतात, असं जो तो विचारी. "आईचं करत होते," हे उत्तर कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नव्हतं.

तिनं ती सहा पानं चार दिवसांत केली. सोबत दीड पान टिपा जोडल्या. मूळ लेखात एका तक्त्यातला आकडा चुकलेला दिसतो, मी तो तसाच ठेवला आहे, कारण दुरुस्त करणं माझं काम नाही, पण तुम्ही बघून घ्या, असं त्यात होतं. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. तिन्ही नावं मान्य, आणि तिसऱ्या बाईंकडेच जास्तीत जास्त काम द्यावं. करार झाला. ऑफिसात टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"बहीण तुमची हुशार आहे बाई, प्रश्नच नाही. पण ती दिवसाला दोन पानंही करत नाही. मला चाळीस हवीत. झटपटला द्या."

झटपट हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. त्या माणसाला कुणी पाहिलेलं नव्हतं. दूध काढायचं यंत्र असो की चष्म्याची काच, तो सगळं करी आणि उद्या मागितलेलं आज पाठवी. धाकटीच्या यादीत तो कधीच हिरवा झाला नव्हता.

"पण साहेब, करारात नाव ताईचं आहे."

"राहू द्या की. नावाला कुठे हात लावतोय आपण?"

हात लावायचं काम धाकटीच्या वाट्याला आलं. प्रत्येक अनुवादाच्या शेवटी एक प्रमाणपत्र जोडावं लागे. मला दोन्ही भाषा येतात, माझ्याकडे रसायनाची पदवी आहे, हा अनुवाद मी स्वतः केला असून तो खरा आहे. खाली सही. थोरलीनं टेंडरच्या वेळी कोऱ्या कागदावर केलेली सही संगणकात होतीच. ती उचलायची आणि झटपटच्या कामाखाली चिकटवायची. पहिल्यांदा धाकटीचा हात अडला. साहेब म्हणाले, एवढ्या वेळेपुरतं. तेविसाव्या वेळेला ती फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता सही चिकटवून मोकळी झाली.

थोरली दर पंधरा दिवसांनी विचारी, "आलं का गं काही?"

"अजून ठरत नाहीये त्यांचं, ताई. मोठ्या कंपन्या. घोंगडं भिजत पडलंय."

"बरं बरं. घाई नाही. मी आपली तयारी करतेय."

ती खरंच तयारी करत होती, आणि धाकटीला ते माहीत होतं. हे सांगायला जड जातं, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही: दर वेळी ती सही चिकटवताना धाकटीला थोडंसं बरंही वाटत असे. लहानपणापासून "ताईकडून शीक, ताईकडे बघ" हे ऐकून तिचे कान किटले होते. आता ताई घरी बसून वाट बघत होती आणि ताईचं नाव धाकटीच्या मुठीत होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं कानांवर हात ठेवले असते. पण वाटत होतं, हे खरं.

मग एका सोमवारी ते अंगाशी आलं.

झटपटनं केलेल्या एका अर्जावर पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं अर्धा डझन आक्षेप घेतले. लिहिलंय तसं केलं तर बॅटरी चालायची नाही, ती पेट घेईल, असा त्यांचा मथितार्थ होता. बॅटरी कंपनी खवळली. तिचं पत्र आलं. हा अनुवाद एखाद्या त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तज्ज्ञाला अनुवादकाचं नाव कळता कामा नये. तज्ज्ञाचं नाव आम्हालाही नको, पदवी तेवढी कळवा. तज्ज्ञानं ठपका ठेवला तर ते नाव आमच्या यादीतून कायमचं काढू, आणि आमच्या सगळ्या भावंड कंपन्यांना तसं कळवू. आठ दिवसांत अहवाल आला नाही तर करार रद्द समजा.

ज्या धंद्यात सगळी मिळून चाळीस माणसं एकमेकांना ओळखतात, तिथे अशी यादी म्हणजे काय ते धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकदा तिथून नाव गेलं की चिनी-कोरियन रसायनात त्या माणसाला पुन्हा कुणी विचारणार नाही.

ती हिरव्या नावांच्या मागे लागली. यादीतल्या पहिल्या गृहस्थांना पत्र पाठवलं तर उत्तर त्यांच्या मुलाचं आलं, बाबा मागच्या वर्षी गेले. दुसऱ्या बाई आता फक्त औषधांचं करत होत्या, बॅटरी नको म्हणाल्या. तिसरा सहा आठवड्यांनी मोकळा होणार होता. चौथ्यानं पत्र वाचून विचारलं, "हे काम ज्यांनी केलं त्यांच्याकडे पदवी होती ना? मग असं कसं झालं?" आणि उत्तराची वाट न बघता नकार दिला. करारातल्या उरलेल्या दोघांना विचारायचं नव्हतं, ते एकाच ताटातले. बुधवारी दुपारी धाकटी साहेबांसमोर हात टेकून उभी राहिली.

"कुणी मिळत नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमच्या बहिणीला द्या."

आपण नीट ऐकलं नसावं, अशी धाकटीला आशा वाटली. पण तिनं नीट ऐकलं होतं.

"साहेब, त्या अनुवादावर तिचीच सही आहे."

"तिला कुठे ठाऊक आहे? कंपनीला तरी तज्ज्ञाचं नाव कुठे कळणार आहे? परीक्षक क्रमांक सात. पदवी आहे, अनुभव आहे. तुम्हीच म्हणता ना तिच्यासारखी दुसरी नाही म्हणून?"

"पण तिनं ठपका ठेवला तर—"

"ठेवणारच. ठेवायलाच हवा. एक नाव गेलं म्हणजे कंपनीचा राग निवेल आणि करार वाचेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते जमत नसेल तर कंपनीला खरं सांगू. सह्या कुणी चिकटवल्या हेही सांगावं लागेल मग. माझा काही आग्रह नाही."

आग्रह नव्हता म्हणे. धाकटी टेबलाशी परत आली. अनुवाद उघडला. प्रमाणपत्रावरच्या नावावर आणि सहीवर तिनं काळी पट्टी ओढली, नीट, चारही बाजूंनी, आणि बहिणीला फोन लावला.

थोरली फोनवर हसली तशी कित्येक वर्षांत हसली नव्हती. "मला? तपासायला? अगं, त्यासाठी अनुवादकापेक्षा मोठा माणूस लागतो!"

रविवारी सकाळी धाकटी तिच्याकडे गेली. सांगायचंच असं ठरवून गेली होती. जिन्यात पहिलं वाक्यही जुळवलं होतं.

आईच्या खोलीत आता थोरलीचं टेबल होतं. पलंग देऊन टाकला होता, पण त्याच्या चार पायांचे वळ फरशीवर तसेच होते. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत जाड कागदाच्या चिठ्ठ्या उभ्या लावल्या होत्या, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, चिनी वर, कोरियन खाली, कोपऱ्यात कुठल्या वर्षी कुठल्या पेटंटात आला ते. अशी नऊ खोकी. न आलेल्या कामाची दोन वर्षांची तयारी. आईचं औषध मोजायचा रेघांचा छोटा पेला टाचण्या ठेवायला वापरला होता.

"बस. पण बोलू नकोस," थोरली म्हणाली. "एवढा परिच्छेद होऊ दे."

धाकटी बसली. थोरलीच्या हातातल्या पेन्सिलीनं समासात एक खूण केली, मग दुसरी, मग पेन्सिल आपटली.

"कोण आहे गं हा गाढव?"

"नाव गुप्त असतं ताई."

"नाव नाही विचारत. शाळेत गेलाय का, ते विचारतेय. हे बघ. मूळ लेखात म्हटलंय, शंभर भागांत पाच भाग, वजनानं. यानं घातलंय घनफळानं. वजन आणि घनफळ! पुढे द्रावण तीन हप्त्यांत घालायचंय, दर वेळी मध्ये वाळवून. यानं मधलं वाळवणं उडवून सगळं एकदम ओतलंय. पेटेल नाही तर काय होईल?" तिनं पान उलटलं. "आणि कंपनी बघितलीस का? हीच ना ती, जिची सहा पानं मी केली होती?"

"हो. हीच."

"म्हणजे ठरलं होतं तर त्यांचं. मला डावलून याला दिलं."

"तसंच काहीतरी असेल."

"तुला कळलं नाही?"

"मला नाही सांगत सगळं."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ दे. तू काय करणार त्याला. तू माझं नाव दिलंस, हेच पुष्कळ."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि जिन्यात जुळवलेलं वाक्य अजून जिभेवर होतं. धाकटीनं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

"ताई, थोडं सौम्य लिही ना. माणसाच्या पोटावर पाय येतो."

"सौम्य?" थोरलीनं पेन्सिल खाली ठेवली. "आठ वर्षं मी या खोलीत आईला थेंब मोजून औषध दिलं. दिवसातून चार वेळा. झोप अनावर झाली तरी एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. कारण इकडचा तिकडे झाला तर माणूस मरतं. हेही तसलंच काम आहे. यावरून कुणीतरी बॅटरी बनवणार, ती कुणाच्या तरी घरात जाणार. तिथे सौम्य काय लिहू?"

थोरलीनं शेवटचं पान पुढे ओढलं. तो छापील नमुना धाकटीनंच पाठवला होता. सगळ्यात खाली प्रश्न होता: या अनुवादकास पुन्हा काम द्यावे काय? त्यापुढे तीन चौकोन. होय. देखरेखीखाली. कधीही नाही.

"खरं सांगू का?" थोरली म्हणाली. "काल मी मधल्या चौकोनावर खूण करणार होते. म्हटलं, नवखा असेल, शिकेल. आपल्यालाही कुणी शिकवलंच की. पण मग हे प्रमाणपत्र वाचलं." काळ्या पट्टीवर तिनं बोट ठेवलं. "म्हणतो, मी रसायनाचा पदवीधर आहे. म्हणतो, हे मी स्वतः केलं. खोटं आहे गं हे. पदवी असलेल्या माणसाच्या हातून ही चूक होणारच नाही. याला काही येत नाही, आणि तरी यानं खाली सही ठोकलीय. चूक मी एक वेळ पोटात घालेन. पण ज्याला आपल्या सहीची चाड नाही, त्याला मी नाही सोडायची."

तिनं तिसऱ्या चौकोनात खूण केली. पेन्सिलीनं नव्हे, शाईनं. दोनदा गिरवली.

"काय सांगणार होतीस तू आल्याआल्या? चेहरा कसा झालाय तुझा."

"काही नाही. दमलेय जरा."

"तू फार राबतेस," थोरली म्हणाली आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठली.

सोमवारी धाकटीनं अहवाल उघडला. सोळा पानं, एकेका चुकीपुढे मूळ ओळ, झालेली ओळ, आणि असायला हवी होती ती ओळ. अकरा वर्षांत तिच्या हाताखालून इतकं स्वच्छ काम गेलं नव्हतं. शेवटच्या पानावर ती बराच वेळ थांबली. तिसरा चौकोन पुसून दुसरा भरायला तिला एक मिनिट लागलं नसतं. तेवीस वेळा सही चिकटवणाऱ्या हाताला ते अवघड नव्हतं. पण दुसऱ्याच्या सहीच्या लिखाणात ढवळाढवळ करू नये, हा प्रामाणिकपणा तिला नेमका त्या दिवशी आठवला. असा वेळेवर आठवणारा प्रामाणिकपणा फार सोयीचा असतो. तिनं अहवाल होता तसा पाठवून दिला.

शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. परीक्षक क्रमांक सातचं काम अव्वल आहे, आमचे आभार पोचवावेत. तिसऱ्या अनुवादिकेचं नाव आजपासून कायमचं वगळलं आहे, भावंड कंपन्यांना तसं कळवलं आहे. पहिल्या चाचणीतल्या दर्जाशी प्रत्यक्ष कामाचा काहीच मेळ बसत नाही, ही चाचणी त्यांनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतली असावी अशी आम्हाला शंका आहे. करार चालू राहील. तिसऱ्या जागेसाठी नवं नाव महिनाभरात द्यावं.

शंकेचं वाक्य धाकटीनं पुन्हा वाचलं. ताईची तेवढी सहा पानं खरी होती, आणि आता नेमकी तीच खोटी ठरली होती.

साहेब टेबलापाशी आले. "बघा, निभावलं की नाही? आता लागा शोधाला. चिनी ते कोरियन, रसायन. पदवी हवीच." दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "आणि ते जुनं नाव यादीतून काढून टाका. चुकून कुठे जायला नको."

धाकटीनं यादी उघडली. हिरव्या रंगातलं ते नाव तिनं निवडलं, पण पुसायला हात होईना. तेवढ्यात फोन वाजला. थोरली होती.

"काय म्हणाले गं? आवडला का अहवाल?"

"फार आवडला, ताई. आभार मानलेत तुझे."

"आणि त्याला काढलं?"

"काढलं."

"कायमचं?"

"हो. कायमचं."

थोरली म्हणाली, "वाईटही वाटतं बघ. कुणाचं तरी घर चालत असेल त्यावर. पण बरं झालं." तिच्या आवाजात लाजल्यासारखं काहीतरी आलं. पन्नाशीची बाई पहिल्या नोकरीला निघाल्यासारखी बोलत होती. "म्हणजे आता त्यांच्याकडे जागा झाली असेल, नाही का? बघ, मी काही मागत नाहीये. पण त्यांनी माझी सहा पानं बघितलीत, आता हाही अहवाल बघितला. एवढ्यावर माझं नाव पुन्हा सुचवायला काय हरकत आहे?"

समोर पडद्यावर ते नाव निवडलेलं होतं, हिरवं.

"सुचवशील ना?"

"सुचवते, ताई."

"आणि मला काही परत यायला नको तिकडे, उगीच तुझा खोळंबा," थोरली म्हणाली. "सही आहे ना तुझ्याकडे माझी, मागे दिलेली?"

"आहे," धाकटी म्हणाली.